युरोपातले खाद्यपदार्थ आखाती देशांत विकताना: आधी लेबल, मग ग्राहक

दुबईतल्या एका आयातदाराच्या कार्यालयात कागदपत्रांचे काम पाहत असताना जर्दाळूच्या जॅमची एक बरणी माझ्या टेबलावर आली होती. युरोपातल्या एका लहान, कौटुंबिक कारखान्याचा तो जॅम होता. चव उत्तम होती, काच सुरेख होती आणि फळाचे प्रमाण भरपूर होते. झाकणावर मात्र ‘या तारखेपूर्वी वापरल्यास उत्तम’ अशी एकच तारीख आणि तिच्याखाली ‘एल ४१२७’ असा बॅच क्रमांक होता. त्या क्रमांकाचा अर्थ २०२४ सालचा १२७ वा दिवस, म्हणजे ६ मे, असा होतो, हे कारखान्यातल्या माणसाला ठाऊक होते. आखाती बंदरावरच्या तपासनिसाला ते ठाऊक असण्याचे काहीच कारण नव्हते. युरोपात उत्पादनाची तारीख छापण्याची सक्ती सर्वसाधारणपणे नाही. आखाती देशांत मात्र बहुतेक पाकीटबंद पदार्थांवर उत्पादनाची आणि मुदत संपण्याची अशा दोन्ही तारखा मूळ वेष्टनावरच छापलेल्या असाव्या लागतात. नंतर चिकटवलेली किंवा खाडाखोड केलेली तारीख चालत नाही. ती बरणी नमुना म्हणून माल निघण्याआधी आली, म्हणून निभावले. तोच माल कंटेनरमधून थेट बंदरावर उतरला असता, तर तो परत पाठवणे किंवा नष्ट करणे एवढेच मार्ग उरले असते.

हा प्रसंग सुरुवातीलाच सांगण्याचे कारण असे की बहुतेक युरोपीय कंपन्या हे काम उलट्या क्रमाने करतात. त्या आधी प्रदर्शनात ग्राहक शोधतात, दर ठरवतात, ऑर्डर घेतात आणि मग लेबलाकडे वळतात. माझ्या अनुभवात आधी पदार्थाची छाननी, मग लेबल, मग मुदतीचा हिशेब, मग किंमत आणि त्यानंतर आयातदार, हाच क्रम पैसे वाचवतो. युरोपीय कंपन्यांचे निर्यातीचे कामकाज पुण्या-मुंबईतून सांभाळणारे, दुबई-शारजा-मस्कतमध्ये आयातदारांकडे नोकरी करणारे किंवा युरोपात अन्नतंत्रज्ञान शिकून तिथल्या कंपन्यांत काम करणारे मराठी लोक आता कमी नाहीत. त्यांच्या हाताशी हा क्रम असावा, यासाठी हा लेख आहे.

पहिली पायरी: देश निवडणे

‘आखाती बाजार’ हा शब्द सोयीचा आहे, पण त्या नावाचा एकसंध बाजार अस्तित्वात नाही. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या आखाती सहकार्य परिषदेत सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कुवेत, कतार, बहारीन आणि ओमान हे सहा देश आहेत. २००३ पासून त्यांचा सीमाशुल्क संघ आहे आणि बाहेरून येणाऱ्या बहुतेक मालावर ५ टक्के शुल्क लागते. खाद्यपदार्थांची मानके तयार करणारी एक सामाईक संस्थाही आहे. तरीही नोंदणी, तपासणी आणि कर प्रत्येक देशाचे वेगळे आहेत, आणि ग्राहक तर फारच वेगळा आहे.

सौदी अरेबियाच्या २०२२ च्या जनगणनेत सुमारे ३ कोटी २२ लाख लोक नोंदले गेले आणि त्यांतले जवळपास ५८ टक्के सौदी नागरिक होते. म्हणजे तिथे मोठ्या कुटुंबांचा, घरगुती स्वयंपाकाचा, मोठ्या आकाराच्या पाकिटांचा बाजार आहे. अमिरातीत दहातले जवळपास नऊ रहिवासी परदेशी आहेत. भारतीय, पाकिस्तानी, फिलिपिनो, अरब आणि युरोपीय ग्राहक एकाच दुकानात खरेदी करतात आणि हॉटेल व्यवसायाची मागणी प्रचंड आहे. कुवेतमध्ये वस्त्यावस्त्यांतल्या ग्राहक सहकारी संस्था किरकोळ विक्रीचा मोठा हिस्सा राखून आहेत, तेव्हा तिथे एका दुकानसाखळीच्या मुख्यालयाशी करार करून देश काबीज होत नाही. कतारने जून २०१७ ते जानेवारी २०२१ या काळात शेजाऱ्यांची नाकेबंदी सोसली आणि त्यातून थेट आयातीची व स्थानिक दुग्धव्यवसायाची वाट धरली; त्या वेळी विमानांनी गाई आणल्या गेल्या होत्या. बहारीन लहान आहे, पण १९८६ पासूनच्या २५ किलोमीटरच्या सेतूने तो सौदी अरेबियाशी जोडलेला आहे.

माझे मत विचाराल, तर ऑलिव्ह तेल, चीज, चॉकलेट, जॅम किंवा खास बेकरी माल बनवणाऱ्या लहान उत्पादकाने अमिरातीपासून सुरुवात करावी, कारण तिथे थोड्या प्रमाणात विविध माल घेणारे आयातदार आहेत. दुधाची भुकटी, लोणी, बिस्किटे, गोठवलेले बटाटे असा मोठ्या प्रमाणातला माल असेल, तर सौदी अरेबिया टाळून चालणार नाही. ‘दुबईत माल उतरवला की तो आपोआप सगळीकडे जाईल’ ही समजूत धोक्याची आहे. पुनर्निर्यात होते हे खरे, पण सौदी नोंदणी नसलेला माल सौदी सीमेवर थांबतो.

दुसरी पायरी: घटकपदार्थांची छाननी

डुकराचे मांस आणि मद्य सौदी अरेबिया व कुवेतमध्ये सर्वसामान्य विक्रीसाठी बंद आहेत, हे सर्वांना माहीत असते. अडचण येते ती डोळ्यांना न दिसणाऱ्या घटकांची. मऊ गोळ्यांतले जिलेटिन कोणत्या प्राण्याचे आहे? ब्रेडमधला ई ४७१ हा पायसीकारक (तेल-पाणी एकजीव ठेवणारा घटक) वनस्पतीजन्य आहे की प्राणिजन्य चरबीपासूनचा? चीजसाठी दूध घट्ट करणारे रेनेट वासराचे, सूक्ष्मजीवांचे की वनस्पतीचे? दह्याला गुलाबी रंग देणारा ई १२० किड्यांपासून मिळतो आणि तो हलाल आहे की नाही यावर मतभेद आहेत. व्हॅनिला अर्काचे द्रावक म्हणून इथेनॉल वापरलेले असते, दिजाँ पद्धतीच्या मोहरीच्या सॉसमध्ये अनेकदा पांढरी वाइन असते आणि तिरामिसू या इटालियन गोड पदार्थात मार्साला वाइन. वाइनपासून केलेल्या व्हिनेगरच्या बाटलीवरचा नुसता ‘वाइन’ हा शब्दही प्रश्न उभे करतो; द्राक्षांचे व्हिनेगर असे नाव आणि अल्कोहोलच्या शिल्लक प्रमाणाचा प्रयोगशाळेचा अहवाल सोबत असल्यास काम सुकर होते.

म्हणून प्रत्येक पदार्थासाठी एक घटकपत्रक तयार करावे. त्यात प्रत्येक घटक, त्याचा उपघटक, त्याचा उगम आणि पुरवठादाराचे लेखी पत्र असावे. उपघटकांची पत्रे पुरवठादाराच्या पुरवठादाराकडून मागवावी लागतात, त्यामुळे या कामाला अनेक आठवडे जातात. ते आयातदार शोधण्याआधीच उरकलेले असावे. सौदी अरेबियाने जानेवारी २०२० पासून अंशतः हायड्रोजनीकृत तेलांवर बंदी घातली आहे, हेही जुन्या पाककृतींची बिस्किटे आणि क्रीम तपासताना लक्षात ठेवावे.

मांस आणि कोंबडीला हलाल प्रमाणपत्र लागतेच, आणि ते कोणाचेही चालत नाही. युरोपात डझनावारी संस्था अशी प्रमाणपत्रे देतात. पण अमिरातीला उद्योग व प्रगत तंत्रज्ञान मंत्रालयाकडे नोंदलेली संस्था हवी असते आणि सौदी अरेबियाला तिथल्या अन्न व औषध प्राधिकरणाच्या हलाल केंद्राने मान्य केलेली. आपल्या संस्थेचे नाव त्या त्या यादीत आजच्या तारखेला आहे का, हे स्वतः पाहावे. संस्थेच्या तोंडी खात्रीवर विसंबू नये. कत्तलीपूर्वी जनावराला भूल देण्याचा प्रश्नही आहे, कारण काही हलाल नियम ती मान्य करत नाहीत. डेन्मार्कमध्ये २०१४ पासून आणि बेल्जियमच्या फ्लांडर्स व वलोनिया या प्रदेशांत २०१९ पासून भूल दिल्याशिवाय कत्तल करता येत नाही. त्यामुळे ग्राहक देशाची नेमकी अट कोणती आहे आणि आपला कत्तलखाना ती कायद्यात राहून पाळू शकतो का, याचे उत्तर आधी मिळवावे लागते.

पेयांचे गणित निराळे आहे. अल्कोहोलमुक्त माल्ट पेयांना आखाती देशांत जुना आणि निष्ठावान ग्राहक आहे. लेबलावर ‘बिअर’ न म्हणता ‘माल्ट पेय’ म्हणावे आणि अल्कोहोलचे प्रमाण शून्य असल्याचा अहवाल जोडावा. गोड पेयांवर २०१७ पासून उत्पादन शुल्क सुरू झाले. सुरुवातीला ते वायुयुक्त पेयांवर ५० टक्के आणि ऊर्जापेयांवर १०० टक्के होते, पुढे इतर गोड पेयेही त्यात आली, आणि आता साखरेच्या प्रमाणानुसार आकारणीकडे वाटचाल झाली आहे. कमी साखरेची पाककृती इथे थेट किमतीत उतरते. प्रत्यक्ष मद्य फक्त परवानाधारक वितरकांमार्फत आणि ठरावीक देशांतच जाते. अमिरातीच्या सात अमिरातींपैकी शारजात ते विकता येत नाही. या व्यापारात मोजके वितरक असल्याने नव्या वाइन उत्पादकाला हॉटेलांच्या पेयव्यवस्थापकांकडून मागणी निर्माण करणे हाच व्यवहार्य रस्ता आहे.

तिसरी पायरी: लेबल

सर्वात जास्त वेळ इथे द्यावा. लेबलावर पदार्थाचे नाव, उतरत्या क्रमाने घटक, ॲलर्जी देणारे घटक, निव्वळ वजन, साठवणुकीच्या सूचना, उत्पादक, मूळ देश, बॅच क्रमांक, पोषणमूल्ये आणि दोन्ही तारखा अरबी भाषेत असाव्या लागतात. मूळ देशाच्या जागी ‘युरोपीय संघ’ असे मोघम न लिहिता पोलंड, आयर्लंड, इटली असे देशाचे नाव लिहावे. अरबी मजकुराचे स्टिकर बऱ्याच ठिकाणी चालते. पण ते मूळ मजकूर झाकणारे, विसंगत किंवा सहज निघणारे नसावे, आणि तारखा त्यावर नसाव्यात. तारीख दिवस-महिना-वर्ष या क्रमाने, स्पष्ट आणि न पुसणाऱ्या शाईत हवी.

कारखान्यात जाऊन शाईच्या छपाईयंत्रासमोर उभे राहिल्याशिवाय हा विषय कळत नाही. यंत्रात एका ओळीची जागा असते आणि दोन तारखांसाठी दोन किंवा तीन ओळी लागतात. झाकण लहान असते, ओलसर काचेवर शाई धरत नाही, आणि तीच उत्पादन ओळ त्याच दिवशी जर्मन बाजारासाठीही चालू असते. त्यामुळे निर्यातीच्या बॅचसाठी छपाईचा वेगळा संच, वेगळी वेळ आणि कामगारांना लेखी सूचना द्याव्या लागतात. हा खर्च लहान आहे. तो न केल्याने जाणारा कंटेनर लहान नसतो.

अरबी भाषांतर यंत्राकडून करून घेऊ नये. अन्नविषयक परिभाषा जाणणाऱ्या अरबी भाषकाकडून ते करवून घ्यावे आणि आयातदाराच्या माणसाकडून पुन्हा वाचून घ्यावे, कारण घटकांचे नाव चुकले की अर्जही अडतो आणि ॲलर्जी असलेल्या माणसाच्या जिवाशीही गाठ पडते. त्यानंतर लेबलाची प्रतिमा आयातदारामार्फत मंजुरीसाठी सादर करावी. दुबईत नगरपालिकेच्या अन्नसुरक्षा विभागाकडे पदार्थाची आणि लेबलाची नोंदणी आयातदार करतो. सौदी अरेबियात अन्न व औषध प्राधिकरणाकडे ती होते. मांस, कोंबडी, दूध यांसारख्या पदार्थांसाठी केवळ पदार्थ नव्हे, तर कारखानाही मान्यताप्राप्त यादीत असावा लागतो, आणि ती प्रक्रिया आपल्या देशाच्या पशुवैद्यकीय खात्यामार्फत चालते. मंजुरी हाती येईपर्यंत लेबलांचा मोठा साठा छापू नये.

चौथी पायरी: मुदतीचा हिशेब

माल आखाती बंदरावर पोहोचताना त्याच्या एकूण मुदतीपैकी किमान निम्मी मुदत शिल्लक असावी, हा जुना दंडक अनेक आयातदार अजून पाळतात आणि मोठ्या साखळ्या तर दोन तृतीयांशाचा आग्रह धरतात. नऊ महिन्यांच्या, म्हणजे २७० दिवसांच्या मुदतीचे बिस्किट घेऊ. उत्पादनानंतर कारखान्यात आणि गोदामात २० दिवस, समुद्रप्रवासात ४५ दिवस, बंदरावर तपासणी आणि माल सोडवण्यात १० दिवस गेले, तर १९५ दिवस उरतात. दोन तृतीयांशाची मर्यादा १८० दिवसांची आहे. म्हणजे हाताशी फक्त पंधरा दिवसांची सवड आहे, आणि एक जहाज चुकले तरी ती अर्धी संपते.

समुद्रप्रवासाचे ४५ दिवस मी मुद्दाम धरले आहेत. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यानंतर बऱ्याच कंपन्यांनी सुएझ कालवा सोडून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या केप ऑफ गुड होपला वळसा घालण्यास सुरुवात केली आणि प्रवास साधारण दहा ते चौदा दिवसांनी लांबला. जहाजे पुन्हा सुएझमधून जाऊ लागली, तरी हिशेब लांबच्या मार्गाचाच करावा. जेद्दा तांबड्या समुद्रावर आहे, तर दुबईचे जबल अली, सौदी अरेबियाचे दम्माम, कतारचे हमद आणि कुवेतची बंदरे होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या आत; खोर फक्कान, फुजैरा आणि सोहार बाहेर. आयातदार पर्यायी बंदरावर माल उतरवून ट्रकने नेऊ शकतो का, हे करारापूर्वीच विचारावे.

उन्हाळ्याचा उल्लेख न करता हा विषय सोडता येणार नाही. जून ते सप्टेंबरमध्ये बंदरावरच्या साध्या कंटेनरच्या आतले तापमान चॉकलेट, मध, ऑलिव्ह तेल आणि गमी गोळ्यांची वाट लावते. चॉकलेट वर्षभर रीफरमधून, म्हणजे शीतकंटेनरमधूनच पाठवावे, आणि कंटेनरमध्ये तापमान नोंदवणारे छोटे यंत्र ठेवावे. विमा दावा करताना त्याच नोंदी उपयोगी पडतात. नव्वद दिवसांपेक्षा कमी मुदतीचे ताजे चीज समुद्राने पाठवण्याचा मोह टाळावा. त्याला विमान लागते, आणि विमानभाड्यानंतरही तो परवडेल असा ग्राहक हॉटेलांत मिळतो.

पाचवी पायरी: किंमत उलट्या दिशेने मांडणे

दुकानातल्या किमतीपासून मागे यावे. उदाहरणासाठी एका बरणीची बंदरापर्यंतची किंमत, भाडे व विमा धरून, २ युरो मानू. त्यावर ५ टक्के शुल्क म्हणजे ०.१० युरो, आणि माल सोडवणे, तपासणी व स्थानिक वाहतूक यांचे आणखी ०.१० युरो धरले तर २.२० युरो होतात. आयातदाराने २५ टक्के वाढवले की २.७५, किरकोळ दुकानाने ३० टक्के वाढवले की ३.५८ युरो. अमिरातीत ५ टक्के मूल्यवर्धित कर धरून ग्राहक सुमारे ३.७५ युरो देतो; सौदी अरेबियात जुलै २०२० पासून हा कर १५ टक्के असल्याने तीच बरणी ४.११ युरोंना जाते. बहारीनमध्ये तो २०२२ पासून १० टक्के आहे. सौदी अरेबियाने २०२० मध्ये अनेक वस्तूंवरचे शुल्कही वाढवले, तेव्हा आपल्या वस्तूचा शुल्क क्रमांक तपासल्याशिवाय ५ टक्के गृहीत धरू नयेत.

या हिशेबात दोन गोष्टी सहसा सुटतात. एक म्हणजे साखळी दुकानांचे लिस्टिंग शुल्क (नवा माल विक्रीला घेण्यासाठीची रक्कम), शेल्फचे भाडे, नव्या शाखेच्या उद्घाटनाची सवलत, वार्षिक परतावा आणि मुदत संपलेला माल परत घेण्याची अट. हा सगळा भार शेवटी उत्पादकाकडे सरकवला जातो. दुसरी म्हणजे चलन. सौदी रियाल डॉलरला ३.७५ आणि अमिराती दिरहम ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. २०२५ च्या सुरुवातीला एक युरो जवळपास १.०३ डॉलरला मिळत होता आणि वर्षाच्या मध्यापर्यंत तो १.१७ च्या आसपास गेला. कारखान्याने दर न वाढवताही आखाती ग्राहकासाठी तीच वस्तू महाग झाली. शक्य असेल तिथे सहा महिन्यांसाठी डॉलरमध्ये दर द्यावा आणि बँकेकडून चलनाचे संरक्षण घ्यावे.

स्पर्धाही लक्षात घ्यावी. स्वित्झर्लंड आणि नॉर्वेसह एफ्टा (युरोपीय मुक्त व्यापार संघटना) देशांचा आखाती परिषदेशी मुक्त व्यापार करार जुलै २०१४ पासून अमलात आहे. भारताचा अमिरातीशी करार मे २०२२ पासून लागू झाल्याने भारतीय मालाला तिथे शुल्कात सवलत मिळते. युरोपीय संघाची आखाती परिषदेशी १९९० मध्ये सुरू झालेली बोलणी २००८ मध्ये थांबली. अमिरातीशी स्वतंत्र बोलणी २०२५ मध्ये सुरू झाली. स्वस्ताईच्या स्पर्धेत उतरण्याचा युरोपचा काळ सरला आहे, असे मी स्पष्टच म्हणेन. गोठवलेल्या युरोपीय कोंबडीला निर्यात अनुदान मिळत होते. जुलै २०१३ मध्ये ते शून्यावर आले आणि ब्राझीलपुढे किमतीत टिकणे अवघड झाले. लोणी, चीज, ऑलिव्ह तेल, चॉकलेट, बालआहार आणि बेकरीचा गोठवलेला माल यांत मात्र दर्जाला पैसे मिळतात.

सहावी पायरी: आयातदार आणि करार

प्रदर्शनांना जावे: दुबईचे गल्फफूड दरवर्षी असते, आणि युरोपात कोलोनचे अनुगा विषम वर्षी व पॅरिसचे सियाल सम वर्षी भरते. प्रदर्शनातल्या भेटीवरून निवड मात्र करू नये. आयातदाराचे गोदाम पाहावे, त्याच्याकडे थंड साठवण किती आहे, तो आपल्याच प्रकारचा स्पर्धक माल विकतो का, आणि त्याची माणसे दुकानांत शेल्फ भरायला स्वतः जातात का, हे पाहावे. मी एक दिवस त्याच्या विक्रेत्यासोबत गाडीतून फिरण्याचा सल्ला देतो. कोणत्या दुकानात त्याला नावाने हाक मारतात, यावरून सगळे कळते.

सहाही देशांचे एकाधिकार एकाच कंपनीला देऊ नयेत. नोंदणीकृत व्यापारी प्रतिनिधीला आखाती कायदे भक्कम संरक्षण देतात. अमिरातीत २०२२ चा नवा कायदा २०२३ मध्ये लागू झाल्यापासून मुदत संपल्यावर संबंध थांबवणे पूर्वीपेक्षा सोपे झाले असले, तरी करारात देश, मुदत, किमान खरेदी, नोंदणी कोणाच्या नावावर राहील आणि संबंध संपल्यावर ती कशी हस्तांतरित होईल, हे स्थानिक वकिलाकडून लिहून घ्यावे. पहिल्या दोन-तीन खेपांना लेटर ऑफ क्रेडिट (खरेदीदाराच्या बँकेची पैसे देण्याची हमी) किंवा आगाऊ रक्कम घ्यावी.

कागदपत्रांत बीजक, पॅकिंग यादी, वाणिज्य मंडळाचे मूळ देशाचे प्रमाणपत्र, आरोग्य प्रमाणपत्र, लागू असल्यास हलाल प्रमाणपत्र आणि जहाजाची पावती यांतले वजन, बॅच आणि तारखा अक्षरशः जुळल्या पाहिजेत. अमिरातीत २०२३ पासून १०,००० दिरहम किंवा त्याहून अधिक रकमेच्या बहुतेक बीजकांचे परराष्ट्र मंत्रालयाकडून साक्षांकन लागते. कुठे इस्रायलविषयक बहिष्काराची घोषणा मागितली, तर जर्मन निर्यातदाराने ती देऊ नये, कारण जर्मन कायद्याने ती निषिद्ध आहे. त्याऐवजी ‘हा माल अमुक देशाचा आहे’ असे मूळ देशाचे सरळ, होकारार्थी विधान करावे.

राजकीय वादळांची तयारीही याच टप्प्यावर हवी. २००६ मध्ये डेन्मार्कमध्ये छापलेल्या पैगंबर मुहम्मदांच्या व्यंगचित्रांच्या वादानंतर डॅनिश दुग्धपदार्थ सौदी शेल्फवरून उतरवले गेले, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये तशाच वादातून कुवेतच्या सहकारी संस्थांनी फ्रेंच माल काढला. त्या उत्पादकांचा त्यात दोष नव्हता. अशा वेळी स्थानिक आयातदाराची बाजारातली पत आणि दोन-तीन देशांत विभागलेली विक्री हाच आधार असतो.

सातवी पायरी: रमजानचे वेळापत्रक

वर्षाची सर्वात मोठी विक्री रमजानच्या आधीच्या आठवड्यांत होते, आणि हा महिना दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो. १९०८ मध्ये मँचेस्टरमध्ये जन्मलेले व्हिम्टो हे सरबत आखाती इफ्तारचा भाग बनले आहे. युरोपीय पदार्थ सणाच्या ताटात किती खोलवर शिरू शकतो, त्याचा हा पुरावा आहे. क्रीम, सूप, सरबते, चॉकलेट आणि पफ पेस्ट्री यांची मागणी तेव्हा वाढते. माल रमजानच्या किमान दोन महिने आधी गोदामात हवा, म्हणजे केपचा वळसा धरून तो कारखान्यातून साडेतीन ते चार महिने आधी निघायला हवा, आणि ऑर्डर त्याहून आधी. साखळ्यांच्या जाहिरातपत्रकांतली जागा त्याच सुमारास ठरते.

सौदी अरेबियात आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवार आहे, तर अमिरातीत २०२२ पासून शनिवार-रविवार, शुक्रवारी दुपारपर्यंत काम. जहाज गुरुवारी लागले आणि एका कागदावर सही राहिली, तर रियाधमधले उत्तर रविवारी येते आणि रीफरचे डेमरेज (माल वेळेत न सोडवल्याबद्दलचे शुल्क) चालूच राहते. म्हणून जहाज निघाल्याच्या दिवशीच सर्व कागदांच्या प्रती आयातदाराच्या क्लिअरिंग एजंटला पाठवाव्यात आणि त्याच्याकडून ‘सर्व जुळले’ असे लेखी उत्तर घ्यावे. पहिली खेप सुटल्यावर पंधरा दिवसांत स्वतः दुकानात जावे, शेल्फवरची एक बरणी हातात घ्यावी आणि तिच्यावरच्या दोन्ही तारखा उजेडात वाचून पाहाव्यात.